इंग्रजी वाक्प्रचारांचा अर्थकोश : अर्थ चपखल, वापर अपुरा

नववी-दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवताना हाताशी असावा म्हणून गेल्या जूनमध्ये अप्पा बळवंत चौकातून इंग्रजी वाक्प्रचारांचा एक मराठी अर्थकोश घेतला. छपाई ठसठशीत आहे, आणि रोज हाताळूनही बांधणी सैल झालेली नाही. कोशाचा कस मात्र नोंदींत लागतो, म्हणून 'अ फेदर इन वन्स कॅप' ही एकच नोंद बारकाईने तपासली.

कोशकाराने 'टोपीतील पीस' असे शब्दशः भाषांतर न करता 'शिरपेचात मानाचा तुरा' हा प्रतिशब्द दिला आहे, आणि तो अगदी चपखल आहे. कारण रणांगणावर पराक्रम गाजवणाऱ्याने डोक्यावर पीस मिरवण्याची जी चाल अनेक समाजांत होती, तिचीच खूण या इंग्रजी शब्दांत उरली आहे. हंगेरीत तुर्काला मारणाऱ्यालाच पीस लावता येई, असे १५९९ च्या एका इंग्रजी हस्तलिखितात म्हटले आहे. एवढी एक ओळ नोंदीत असती, तर मुलांना अर्थ पाठ करावा लागला नसता.

वापराच्या बाबतीत मात्र कोश तोकडा पडतो. मराठीत तुरा खोवला जातो. इंग्रजीत बहुधा मिळवलेले यश हेच पीस असते, म्हणून 'द स्कॉलरशिप वॉज अ फेदर इन हर कॅप' अशी सरळ रचना होते. नोंदीत उदाहरणवाक्यच नसल्यामुळे माझ्या एका विद्यार्थिनीने 'आय पुट अ फेदर इन माय कॅप' असे लिहिले, आणि त्यातून तिने टोपीत खरेच पीस खोवल्याचा अर्थ निघाला. 'वन्स'च्या जागी हिज, हर, देअर यांपैकी योग्य शब्द घालावा लागतो, हेही कुठे सांगितलेले नाही. आपल्याकडच्या इंग्रजी वृत्तपत्रांत नेहमी दिसणारी 'अॅडेड अनदर फेदर टू हिज कॅप' ही रचनाही गाळली आहे.

सर्वांत खटकली ती लगतची नोंद. 'फेदर वन्स नेस्ट' म्हणजे 'घर सजवणे', असे तेथे छापले आहे; वस्तुतः पदाचा फायदा घेऊन स्वतःची तुंबडी भरणे, असा त्याचा अर्थ आहे. निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभात एखाद्या मुलाने हा वाक्प्रचार गौरव म्हणून वापरला, तर तो भर सभेत आरोप ठरेल. मराठी प्रतिशब्दांसाठी शिक्षकांनी हा कोश जरूर घ्यावा. विद्यार्थ्यांच्या हाती मात्र तो एकटा देऊ नये. माझ्या प्रतीत समासात पेन्सिलीने दुरुस्ती केली आहे आणि प्रकाशकांना पत्रही पाठवले आहे.