रागासाठी सीबीटी : सात-आठ महिन्यांनंतर

सीबीटी म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलायला शिकवणारी उपचारपद्धत. आधीच सांगतो, ती करूनही राग येतोच. पण पूर्वी सकाळी पार्किंगवरून वाजलं की संध्याकाळपर्यंत डोकं तापलेलं असायचं, आता चहा होईतो निवळतं. (बायकोच्या मते दुसरा चहा होईतो.)

श्वासाचे व्यायाम ठीक आहेत, त्यावर जास्त लिहीत नाही. खरं काम केलं ते रागाच्या वहीने. रकाने चार : काय घडलं, मनात काय आलं, राग दहापैकी किती, मी काय केलं. माझी एक नोंद अशी : ‘माझ्या जागेत स्कूटर. मुद्दाम लावतो, मला गृहीत धरतो. ८. वॉचमनवर ओरडलो.’ समुपदेशक बाईंनी ‘मुद्दाम’खाली रेघ मारली आणि विचारलं, “पुरावा काय?” पुरावा नव्हता. मागची पानं चाळली तर निम्म्या नोंदींत हेच ‘मुद्दाम’. आता कान गरम व्हायला लागले की आधी तोच शब्द शोधतो.

दुसरी कामाची गोष्ट टाइमआउट. भांडणातून उठताना ‘वीस मिनिटांत येतो’ असं सांगायचं आणि खरंच परत यायचं. नाहीतर त्याला टाइमआउट नाही, रुसवा म्हणतात. तेवढ्या वेळात मनातल्या मनात भांडण चालू ठेवलं तरी उपयोग शून्य.

मित्र सांगतात, उशी बडव, मोकळं वाटेल. यावर विश्वास ठेवू नका. २०२४ साली १५४ अभ्यास एकत्र तपासले गेले; शरीर शांत करणाऱ्या उपायांनी राग उतरतो, तापवणाऱ्यांनी नाही, असं निघालं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेमंड नोव्हाको यांनी १९७५ मध्ये रागासाठी मांडलेल्या पद्धतीतही शरीर सैल सोडायला शिकवणं होतंच.

तक्रारी आहेत. गृहपाठाचे कागद इंग्रजीत. रागाच्या भरात इंग्रजीत कोण विचार करतो? मी मराठीत लिहून घेतले. झोप झाली नसेल तर सगळी विद्या पाण्यात. आणि साहेब खरोखरच अन्याय करत असेल तर वही तो थांबवत नाही. फक्त ईमेल नीट लिहिता येतो. तेही कमी नाही म्हणा.

फी खिशातूनच गेली, माझ्या विम्यात ओपीडी बसत नाही. आधी नुसतं बोलून पाहायचं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मात्र दर आठवड्याला वही तपासणारं माणूस तिथे मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.