जुन्या सॅमन फ्लायच्या पाकिटात माझे १,४५० पौंड गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितोय

हे लिहायला चार महिने लागले कारण नुसतं आठवलं तरी पोटात कालवतं, पण परवा तसंच पाकीट पुन्हा विक्रीला आलेलं दिसलं, आता गप्प बसवत नाही.

मी स्कॉटलंडमधे पर्थजवळ राहतो. टे नदी घरापासून चालत दहा मिनिटं. मासे मी फारसे धरत नाही, मला नाद आहे जुन्या सॅमन फ्लायचा. म्हणजे सॅमन मासा पकडायला गळावर रेशीम, चंदेरी तार आणि रंगीत पिसं बांधून केलेली नकली माशी, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. नाद लागला तो एका पिसामुळे. एका लिलावघरात जॉक स्कॉट नावाची फ्लाय पहिल्यांदा हातात घेतली, अर्धं अंग पिवळं, अर्धं काळं, आणि पंखाच्या बाजूला मेणाचा थेंब वाळावा तसा टिपका असलेलं पीस. ते पीस माझ्या ओळखीचं होतं! आजोळी राधानगरीकडे पहाटे जो रानकोंबडा आरवायचा, त्या करड्या रानकोंबड्याच्या मानेचं पीस. इकडे त्याला जंगल कॉक म्हणतात. आपल्याकडच्या डोंगरातलं पीस बोटीने इथवर येऊन सॅमनच्या गळावर बसलं, याचं मला अजूनही नवल वाटतं. (आणि इंडियन क्रो म्हणतात ते लाल पीस ना भारतातलं, ना कावळ्याचं, ते दक्षिण अमेरिकेतल्या पक्ष्याचं.)

या पिसांसाठी लोक काय करतील सांगता येत नाही. २००९ मधे इंग्लंडमधल्या ट्रिंग गावच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधून २९९ पक्ष्यांची कातडी चोरीला गेली ती याच फ्लाय बांधण्याच्या नादापायी. तेव्हा जिथे एवढी हाव आहे तिथे लबाडी असणारच, हे मला आधी कळायला हवं होतं.

तर हा विकणारा. आधी त्याने मला दोनदा सुट्या फ्लाय विकल्या, ३० आणि ४५ पौंडांना, दोन्ही अस्सल, पॅकिंग व्यवस्थित, सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी. मग म्हणाला आमच्या पणजोबांचं चामड्याचं पाकीट आहे, आत २४ फ्लाय, १८८६ चं लेबल, बाहेर जाहिरात करायच्या आधी तुम्हाला विचारतोय. फोटो बघून मी हरखलो. बँकेत थेट पैसे पाठवलेत तर १०० पौंड कमी करतो, आणि १४ दिवसांत आवडलं नाही तर परत घेईन, असंही म्हणाला. मी पाठवले.

आता खरी मेख ऐका. पार्सल आलं त्याच दिवशी त्याचा मेसेज आला, आमच्या माळ्यावर कसर फार आहे हो, पाकीट उघडून ठेवू नका, तसंच पिशवीत सील करून दोन आठवडे फ्रीझरमधे ठेवा. आणि हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे! जुनी पिसं घरात आली की आपण सगळे हेच करतो, कारण एका पिसातली अळी सगळा संग्रह खाऊन टाकते. मी वरवर पाहिलं, पाकिटात फ्लाय टोचून ठेवायची कापडी पानं असतात, त्यातल्या पुढच्या पानावरच्या चार फ्लाय भिंगाखाली बघितल्या, अस्सल होत्या, आणि पाकीट फ्रीझरमधे गेलं. बाहेर काढलं पंधराव्या दिवशी. परत करायची मुदत आदल्या दिवशी संपलेली.

त्या चार अस्सल होत्या, पाकीटही अस्सल होतं, आतली फ्लॅनेलची पानं पण जुनीच. बाकीच्या २० नव्या. मला लगेच कळलं नाही, गावातले एक म्हातारे गृहस्थ आहेत, साठ वर्षं फ्लाय बांधतायत, त्यांनी एक उचलली, खिडकीपाशी नेली आणि विचारलं, यातलं एकही जंगल कॉक चिरलेलं कसं नाही? शंभर वर्षांत तो मेणासारखा टिपका कुठेतरी उभा तडकतोच. वीस फ्लाय, चाळीस पिसं, एकाला चीर नाही, एकाला कसर नाही.

मग गळाच्या तोंडाचा फासा. जुन्या गळांना बरेचदा दोरी ओवायचा डोळा नसायचा, त्याऐवजी रेशमाच्या किड्याच्या ग्रंथीतून ओढून काढलेला धागा, गट म्हणतात त्याला, पीळ घालून फासा करून बांधायचे. अस्सल गट भिंगाखाली कमीजास्त जाड दिसतो, मधासारखा पिवळट. माझ्या वीस फ्लायचे फासे एकसारख्या जाडीचे होते, चहाच्या पाण्यात बुडवून रंगवलेले. त्यांनी मला विचारून एकाच्या टोकाला तापवलेली सुई लावली. अस्सल गट जळाला असता तर केस जळल्याचा वास आला असता. इथे वास नाही काही नाही, टोक आक्रसलं आणि मोहरीएवढा चकचकीत गोळा झाला. नायलॉन. जे १९३८ च्या आधी बाजारातच नव्हतं ते १८८६ च्या फ्लायवर. माझ्या हाताला कंप सुटला होता.

गंज पण तसाच. बोटाने पुसला तर केशरी भुकटी लागत होती, खालचा गळ गुळगुळीत. खरा जुना गंज काळपट असतो, लोखंडात खड्डे पाडतो आणि शेपटीकडच्या रेशमात त्याचा डाग उतरतो. घरी येऊन लेबलावर यूव्ही टॉर्च मारला तर कागद निळापांढरा झगमगला, ती चमक आणणारं केमिकल कागदात आलं दुसऱ्या महायुद्धानंतर. पण टॉर्च मारायचा तो कागदावर हं, रेशीम आणि काही पिसं मुळातच थोडी चमकतात, त्यावरून अस्सल वस्तूला नकली ठरवू नका.

बँक म्हणाली हा विकणारा-घेणाऱ्यामधला वाद आहे, वस्तू तर मिळाली ना, आमच्या नियमात बसत नाही. कार्ड घेणाऱ्या डीलरकडून थेट क्रेडिट कार्डाने घेतलं असतं तर १०० पौंडांच्या वरच्या वस्तूसाठी इथल्या कायद्याने कार्ड कंपनीलाही धरता येतं. शंभर पौंडांच्या सवलतीसाठी मी ते सोडलं. पोलिसांना १०१ वर कळवलंय, सगळे मेसेज दिलेत. विकणारा आता उत्तर देत नाही.

म्हणून एवढं करा. फ्रीझर जरूर, पण त्याआधी पार्सल आल्या दिवशीच टेबलावर पांढरा कागद पसरा आणि एकूण एक फ्लाय भिंगाखाली बघा, पुढच्या पानावरच्या नव्हे, मागच्या पानांवरच्या आधी. परतीची मुदत लेखी महिनाभराची मागा. आणि कुणी आठवण म्हणून भारतात घेऊन जायचा विचार करत असेल तर नको, रानकोंबड्याला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, विमानतळावर अडचणीत याल.

परवा आलेल्या त्या पाकिटाचं चामडं तपकिरी आहे, पट्ट्यावर सिगारेटने जळाल्यासारखा गोल डाग. विकणाऱ्याचं नाव वेगळं दाखवतंय, पण फोटोत पुढच्या पानावर चार फ्लाय आहेत आणि मागच्या पानांवरचे फासे चहाच्या रंगाचे. तो डाग दिसला तर घेऊ नका.