सोलापुरात थेरपी: वापरानंतरचा अनुभव (पाण्याच्या दिवसाचा हिशोब धरून)

आधी पैशाचं सांगते, कारण बाकीचे सगळे मन हलकं झालं वगैरे लिहितात आणि फी काय ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. थेरपीच्या, म्हणजे सायकॉलॉजिस्टकडं जाऊन बोलायच्या, एका सेशनचे ९००. सेशन म्हणजे तास नाही, ५० मिनिटं. घड्याळ तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर, म्हणजे थेरपिस्ट मॅडमना दिसतं, तुम्हाला नाही. आणि २४ तास आधी न कळवता गैरहजर राहिलात तर पूर्ण ९०० भरायचे. हा शेवटचा नियम ज्यानं कुणी काढला त्याच्या घरी नळाला २४ तास पाणी असणार.

आपल्याकडं चार-पाच दिवसाआड पाणी, उजनी धरण काठोकाठ असलं तरी. त्यात वेळ बदलली तर सकाळी कळतं, नाहीतर थेट नळ खुळखुळला की कळतं. दिवाळीच्या आधी माझं नेमकं तेच झालं. साडेपाचचं सेशन, आणि रात्री येणारं पाणी चारलाच सुटलं. घरी सासूबाई एकट्या, त्यांना जिना उतरून मोटर लावणं होत नाही, आमचे हे टेंभुर्णीला गेलेले. मी हाफ डे टाकून घरी पळाले, मॅडमना मेसेज केला, तर रिप्लाय आला की ठीक आहे, काळजी घ्या, आजची फी पुढच्या वेळी जमा करा. ९०० रुपये! तेवढ्यात टँकरच आला असता हो.

तर रिव्ह्यू लिहायचं तेव्हाच ठरवलं होतं, आणि रागातच लिहायला घेतलं. थेरपी म्हणजे काय, सीबीटी (मनातले विचार तपासून बदलायची थेरपी) म्हणजे काय हे आता रील बघून सगळ्यांना माहीत झालंय, ते परत सांगत बसत नाही. मी कशी पोचले ते सांगते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते. दर महिन्याला ११ तारखेला जीएसटीआर-वन, २० ला थ्रीबी, ही जीएसटीची दोन रिटर्न, हे माझं पंचांग. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका २० तारखेला मालकांनी खरेदीच्या बिलांची पिशवी संध्याकाळी आणून टेबलावर ठेवली आणि मला छातीत असं धरलं की बोटांना मुंग्या, तोंड कोरडं, वाटलं आता गेले. ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट, सगळं मिळून साडेसहा हजार, आणि रिपोर्ट काय तर नॉर्मल. फिजिशियन म्हणाले हार्टचं काही नाही, पॅनिक अटॅक आहे, सायकॉलॉजिस्टकडं जा. मी गेले नाही. सॉर्बिट्रेटची (छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची) पट्टी आणि ईसीजीची फाइल पर्समध्ये घालून फिरायला लागले, लिफ्टशिवाय वर जाईना, नवी पेठेच्या बाजारात शनिवारी पाऊल टाकीना, आणि मग एकदा सासूबाईंच्या औषधाला मेडिकलमध्ये उभी असताना परत तेच झालं. म्हणजे तारखेचा पण भरवसा राहिला नाही. तेव्हा गेले.

जाण्याआधी एक गोष्ट बघा, ही खरंच कामाची आहे. काउन्सेलर अशी पाटी कुणीही लावताना दिसतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर त्यांचा आरसीआयचा, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर असतो, तो विचारायचा, लाजायचं नाही. सायकियाट्रिस्ट वेगळे, ते डॉक्टर, गोळ्या ते देतात. मला गोळ्या लागल्या नाहीत, पण माझ्या बहिणीला लागल्या आणि तिला त्याचाच जास्त फायदा झाला, त्यामुळं गोळ्या वाईट असलं काही मी म्हणणार नाही. मी त्याआधी एका ॲपवर पण बघितलं, स्वस्त पडेल म्हणून. समोरच्या ताई चांगल्या होत्या पण सगळं हिंदी-इंग्लिशमध्ये, आणि मी पाणी यायचं टेन्शन म्हटलं तर त्या म्हणाल्या तुम्ही रात्री पाणी पिऊन झोपता का. बंद केलं.

घरच्यांचं काय. आमचे हे म्हणाले, "नऊशे रुपये देऊन बोलायचंय तर माझ्याशी बोल की, मी तर फुकटात ऐकतो." ऐकतात म्हणे. मोबाइल बघत. सासूबाईंना मी पाठीच्या शेकाला जाते असं सांगितलं होतं, त्या दर वेळी विचारायच्या, "काय गं पोरी, पाठ थांबली का?" क्लिनिक होटगी रोडच्या बाजूला, खाली दुकानं, आणि सोलापूर केवढं ते तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्याच वेळी वेटिंगमध्ये आमच्या कारखान्याच्या सूतवाल्याची बायको. दोघींनी एकमेकींना बघितलं नाही. आजतागायत बघितलेलं नाही.

आता माल कसा आहे ते. सुरुवातीला मी फार नाराज होते. मला वाटलेलं जाऊन रडायचं, त्या धीर देणार, हलकं वाटून घरी यायचं. त्या धीर देतच नाहीत! मी विचारलं, मला काही होणार नाही ना, तर म्हणाल्या, "दर वेळी मी नाही होणार म्हटलं तर तुम्हाला दर वेळी मला विचारावं लागेल." मी मनात म्हटलं, हे बरंय, नऊशे घेऊन उत्तर पण नाही. मग ते ग्राउंडिंग शिकवलं, म्हणजे घाबरल्यावर लक्ष आजूबाजूला आणायचं: दिसणाऱ्या पाच वस्तू, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणारे तीन आवाज, दोन वास, एक चव. हे यूट्यूबवर फुकट आहे, मी तिथंच बोलून पण दाखवलं. त्या हसल्या, म्हणाल्या यूट्यूबवर आहे ना, मग रोज करा, त्रास नसताना करा.

आणि हे त्रास नसताना करायचं यातच सगळं आहे, हे मला बऱ्याच उशिरा पटलं. अटॅक आल्यावर पहिल्यांदा करायला गेलं तर काही सुचत नाही. मी लंच टाइममध्ये कारखान्यातच करायला लागले. लूमची खडखड, पॅकिंगमधल्या पोरीचं हसणं, फॅन. हाताला टॉवेलचा गोळा, त्याचे लूप बोटानं मोजत बसायचं. वास म्हणजे डाइंगकडून येणारा आणि डब्यातल्या शेंगा चटणीचा. चवीला चटणीच. मॅडम म्हणाल्या एवढी साधनं माझ्याकडं क्लिनिकमध्ये नाहीत.

श्वासाचं पण तसंच. मी घाबरले की भराभर श्वास घ्यायची, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानंच बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते, आणि त्या मुंग्यांना घाबरून आपण आणखी भराभर श्वास घेतो. हे कुणी ईसीजीच्या वेळी सांगितलं असतं तर साडेसहा हजार गेलेच असते, पण पुढचे महिने तरी वाचले असते. आता श्वास सोडायला जास्त वेळ घेते, घ्यायला कमी. बस, एवढंच.

मला खरं आवडलं ते वहीचं. काय घडलं, मनात काय आलं, किती टक्के खरं वाटलं, बाजूनं पुरावा काय, विरुद्ध पुरावा काय, मग आता किती टक्के. ॲरन बेक म्हणून अमेरिकेतले सायकियाट्रिस्ट होते, त्यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत उभी केली असं मॅडम म्हणाल्या, पण मला तर ती रोजमेळाची वहीच वाटली, व्हाउचर नसेल तर एंट्री धरायची नाही. "आज मी मरणार", ८० टक्के. पुरावा: छाती धडधडतेय. विरुद्ध: तीन रिपोर्ट नॉर्मल, मागच्या वेळी पण मेले नव्हते, जिना चढल्यावर पण धडधडतं. ४० टक्के. कुणाला हे बालिश वाटेल. मला खूप जमलं. उलट मॅडमनाच सांगावं लागलं की एवढं रकाने आखून लाल शाईनं टोटल मारायची गरज नाही.

(इथपर्यंतचं दिवाळीत लिहून ठेवलं होतं आणि टाकायचं राहून गेलं. पुढचं आता लिहितेय, मधे मत थोडं बदललंय.)

त्या ९०० चं. पुढच्या वेळी मी गेले, पैसे टेबलावर ठेवले आणि काही बोलले नाही. पन्नास मिनिटं सासूबाईंबद्दल बोलले. उठताना मॅडमनी विचारलं फीबद्दल काही म्हणायचंय का, मी म्हटलं छे छे. घरी येऊन रात्री दोनपर्यंत मनात भांडले. मालक उशिरा बिलं आणतात तेव्हा मी हेच करते, नणंद पैसे मागते तेव्हा हेच, तोंडावर छे छे आणि रात्री दोनपर्यंत भांडण. तर त्याच्या पुढच्या वेळी सांगितलं. आवाज कापत होता, पण सांगितलं, की मॅडम हा नियम मुंबई-पुण्याचा आहे, इथं पाणी आमच्या मर्जीनं येत नाही, आणि मला हे ९०० लागलेत. मला वाटलं आता एकतर त्या चिडणार नाहीतर पैसे परत देणार. दोन्ही झालं नाही. म्हणाल्या, राग रास्त आहे, बरं झालं बोललात, फी परत होणार नाही कारण ती वेळ तुमच्यासाठीच ठेवली होती, पण पुढं पाणी आलं तर फोनवर सेशन करू. मी अर्धी जिंकले, अर्धी हरले, आणि त्या रात्री चक्क झोपले.

तेव्हापासून एक सेशन मी गच्चीवर टाकीशेजारी बसून केलंय. मधेच "एक मिनिट हं" म्हणून मोटर बंद करून आले. मॅडमनी ते मिनिट धरलं नाही, मी घड्याळ बघितलं होतं.

नियम मात्र मला अजूनही पटलेला नाही. सोलापुरात प्रॅक्टिस करायची तर २४ ऐवजी चार तास ठेवा, नाहीतर वॉर्डाचं पाण्याचं टाइमटेबल भिंतीवर लावा. ते ९०० मी डायरीत "येणे बाकी" मध्येच ठेवलेत.

त्यानंतर त्यांनी मला मुद्दाम घाबरवायला सुरुवात केली, हा भाग कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. क्लिनिकच्या जिन्यावर भराभर चढउतार, धडधड वाढू द्यायची आणि काहीच करायचं नाही, पाणी प्यायचं नाही, नाडी बघायची नाही. दहा-पंधरा मिनिटांत ती आपली आपण उतरते. उतरते खरंच. मग फाइल घरी ठेवून बाजार. मग सॉर्बिट्रेट पण घरी, ते फिजिशियनना विचारून, ते म्हणाले तुम्हाला दिलंच कुणी होतं. मग साध्या दिवशी सिद्धेश्वराचं दर्शन, मग शनिवारी नवी पेठ. आणि जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. गेल्या वर्षी मी यात्रेत होम मैदानावर पाऊल ठेवलं नव्हतं, सोलापूरच्या माणसानं गड्डा चुकवायचा म्हणजे काय ते तुम्हीच समजा. या वर्षी सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्याला गेले. संमती कट्ट्याच्या बाजूला मुंगीला जागा नाही, सगळीकडं पांढऱ्या बाराबंद्या, नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, आले, "सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम" झालं, अक्षता पडल्या. छातीत आलं. आलं म्हणजे चांगलंच आलं. मी लेकाच्या शर्टाची बाही धरून उभी राहिले आणि आजूबाजूचे वास मोजले, दोनच्या जागी सहा-सात निघाले. निघून आले नाही. मग राजगिऱ्याचे लाडू घेतले, भाव केला, तेव्हा कळलं आता बरं आहे.

बाकीचं पटापट. बिल मागा, मिळतं, पण इन्शुरन्समध्ये बसेलच असं नाही. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा असं आहे, मी ते कलम प्रिंट काढून नेलं, पण माझी पॉलिसी ॲडमिट झालं तरच, ओपीडीचं काहीच नाही, त्यामुळं परत आले. ९०० झेपत नसतील तर सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. रात्री-बेरात्री असेल तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक मदतीच्या हेल्पलाइनचा नंबर, सरकारी, फुकट, २०२२ पासून आहे, मराठीत बोलतात. मी एकदा लावला होता, सासूबाई ॲडमिट होत्या तेव्हा, बाथरूममधून, आणि पलीकडच्या बाईंनी अजिबात घाई केली नाही. जीव नकोसा वाटायला लागला तर रिव्ह्यू वाचत बसू नका, तो नंबर आधी लावा.

काय बदललं नाही ते पण सांगते. मालक अजून पिशवी २० लाच आणतात, फरक एवढा की मी आता १५ ला मेसेज टाकते, "१८ नंतरची बिलं पुढच्या महिन्यात", आणि खरंच पुढच्या महिन्यात टाकते. एकदा आरडाओरडा झाला. नोकरी आहे अजून. नणंदेला अजून नाही म्हणता आलेलं नाही, ते चालू आहे. सासूबाईंना शेवटी खरं सांगितलं, तर म्हणाल्या, "मग मला पण ने की एकदा, तुझ्याबद्दल बोलायचंय."

आता महिन्यातनं एकदाच जाते. मार्चमध्ये दोन बुक केलेत, कारण इयर एंड आणि नणंदेच्या मुलीचं लग्न एकत्र आलंय. दोन्ही वेळा सकाळी अकराच्या, आमच्याकडं त्या वेळेला पाणी अजून तरी कधी आलेलं नाही.