ऑस्ट्रेलियातले कॅसिनो: आधी खोली आणि जेवण बघा, टेबल नंतर

कोल्हापुरात कॅसिनो म्हटलं की गोव्याच्या मांडवीतल्या बोटी आठवतात. दारात पॅकेजचे पैसे भरायचे, त्यात बुफे, ड्रिंक्स, नाचगाणं आणि वर थोडे चिप्स, मग रात्रभर ते पैसे वसूल करायची धडपड. ऑस्ट्रेलियात व्यवहार उलटा आहे. बहुतेक ठिकाणी मुख्य फ्लोअरवर जायला तिकीट नाही, पण आत शिरल्यावर प्लेट, ग्लास, पार्किंग, सगळ्याचं बिल वेगळं. तिकडचा कॅसिनो म्हणजे एक मोठं संकुल असतं: हॉटेलं, डझनभर रेस्टॉरंट, नाट्यगृह आणि मधे जुगाराचा मजला. म्हणून तुलना करायची तर खोली कशी, जेवण कसं आणि दाराबाहेर पाऊल टाकल्यावर शहर किती जवळ, याची करा. टेबलावरचं गणित सगळीकडे तुमच्या विरुद्धच असतं; कुठे थोडं कमी, कुठे जास्त, एवढाच फरक.

दारावरच्या दोन गोष्टी आधी. वयाची अट 18 वर्षांची आहे, गोव्यात 21 ची. त्यामुळे गोव्यात अडवलेला पोरगा तिकडे आत जातो, हे घरच्यांनी लक्षात ठेवावं. ओळखपत्र म्हणून मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, फोनमधल्या फोटोवर विसंबू नका. आणि पायांत बूट घाला. बनियनवजा शर्ट आणि चप्पल यांना संध्याकाळनंतर नकार मिळतो. तुमची कापशी चप्पल कितीही महागाची असली, तरी दारावरच्या माणसासाठी ती चप्पलच.

सगळ्यात मोठं प्रकरण म्हणजे क्राऊन मेलबर्न. यारा नदीच्या दक्षिण काठावर, साउथबँकला. सध्याचं संकुल 1997 साली उघडलं. आत तीन हॉटेलं आहेत: टॉवर्स सर्वांत महाग, मेट्रोपोल मधलं, प्रॉमेनेड त्यामानाने परवडणारं. नवरा-बायको दोघं असतील तर मेट्रोपोल घ्यावं. टॉवर्सचे जादा पैसे मोठी खोली आणि संगमरवरी बाथरूम यांतच जातात, आणि दिवसभर शहरात हिंडणाऱ्याला त्याचा काय उपयोग? फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशन नदीकाठाने पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. ट्रामने जायचं तर 96 किंवा 109 पकडा, पण मेलबर्नचा फुकट ट्रामचा पट्टा नदीच्या अलीकडेच संपतो. साउथबँक त्यात येत नाही, त्यामुळे मायकी, म्हणजे तिकडचं प्रवासाचं कार्ड, टॅप करायला विसरू नका. अंधार पडल्यावर नदीकाठच्या खांबांमधून आगीचे लोट सोडतात. ते बघायला पैसे पडत नाहीत, आत न जाताही दिसतात.

मेलबर्नमध्ये मशीनवर खेळायचं असेल तर आधी कार्ड काढावं लागतं. 2021 मध्ये रॉयल कमिशनने, म्हणजे सरकारी चौकशी आयोगाने, क्राऊनला परवान्यासाठी अपात्र ठरवलं, त्यानंतर नियम कडक झाले. डिसेंबर 2023 पासून तिथल्या सगळ्या पोकी मशीनवर कार्ड सक्तीचं आहे. पोकी म्हणजे आपण ज्याला स्लॉट म्हणतो तेच. पासपोर्ट दाखवून काउंटरवर नाव नोंदवायचं, मग किती पैसे घालवायचे आणि किती वेळ खेळायचं याची मर्यादा स्वतःच घालायची, मगच मशीन सुरू होतं. सलग तीन तास झाले की पंधरा मिनिटांची सुट्टी सक्तीची. मर्यादेचा आकडा विचारतात तेव्हा बरेच जण वैतागून मोठा आकडा टाकून मोकळे होतात. तसं करू नका. हॉटेलच्या खोलीत शांतपणे ठरवलेला आकडाच टाका, कारण हीच एक सोय तुमच्या बाजूची आहे. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, कायद्याने मशीनने किमान 87 टक्के परत द्यावे लागतात. हा आकडा ऐकून बरं वाटतं, पण तो लाखो फिरवण्यांचा सरासरी हिशेब आहे, आणि जिंकलेले पैसे तुम्ही परत त्याच मशीनमध्ये घालता तेव्हा दर फेरीला तो हिस्सा पुन्हा कापला जातो.

सिडनीत दोन आहेत आणि दोघांची जात वेगळी. बारांगारूचा क्राऊन 271 मीटर उंच, शहरातली सर्वांत उंच इमारत. हॉटेल डिसेंबर 2020 मध्ये उघडलं, पण खेळायला परवानगी मिळायला ऑगस्ट 2022 उजाडलं. तिथे पोकी मशीन नाहीतच, आणि खेळाचा भाग सदस्यांपुरता आहे. सहज डोकावून येऊ म्हणणाऱ्याची ही जागा नव्हे. नोबू किंवा वुडकटमध्ये जेवायचं, बंदराचा नजारा बघायचा, यासाठी मात्र ती फार चांगली. पिरमाँटचा द स्टार सगळ्यांसाठी आहे, लाइट रेलचं त्याच नावाचं स्थानक अगदी दाराशी. पण 2022 च्या चौकशीपासून द स्टारच्या मागे साडेसाती लागली आहे: परवाना निलंबित झाला, वर व्यवस्थापक नेमला गेला, पैशांची चणचण सुरू झाली. न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, ऑक्टोबर 2024 पासून टेबलांवरही कार्ड सक्तीचं आहे. अशा अवस्थेत रेस्टॉरंट अचानक बंद होणं, वेळा कमी होणं हे होत राहतं, तेव्हा जुने व्हिडिओ बघून जेवणाचा बेत आखू नका. बुकिंगचं पान त्या आठवड्यात तपासा.

आता टेबल. आपल्याकडचा माणूस आधी वळतो तो थ्री कार्ड पोकरकडे, कारण ते तीनपानीसारखं दिसतं. तिथेच फसतो. तीनपानीत ट्रेल, म्हणजे तिन्ही सारखी पानं, सगळ्यांत वरची. तिथे एकाच रंगाची सलग पानं, म्हणजे आपली प्युअर सिक्वेन्स, ट्रेलच्या वर लागते. एक्का-दुर्री-तिर्री आपल्याकडे भारी धरतात, तिथे ती सिक्वेन्समधली सर्वांत हलकी. ब्लाइंड नाही, साइड शो नाही, शेजाऱ्याला घाबरवणं नाही, कारण खेळ फक्त डीलरशी आहे. पहिली बोली लावायची, पानं बघायची, मग तेवढेच पैसे आणखी लावायचे नाहीतर पान टाकायचं. डीलरकडे किमान राणी नसेल तर त्याचा हात धरत नाहीत: पहिल्या बोलीवर पैसे मिळतात, दुसरी नुसती परत येते. ठोकताळा सोपा आहे, राणी-छक्की-चौकी किंवा त्याहून वरचं असेल तरच पुढे खेळा. असं काटेकोर खेळलं तरी पहिल्या बोलीच्या 3.37 टक्के घराचे, म्हणजे कॅसिनोचे.

रुलेटला बसण्याआधी चाकावरची शून्यं मोजा. एक शून्य असेल तर घराचा वाटा 2.70 टक्के, दोन असतील तर 5.26, तीन असतील तर 7.69. देणं तिन्हींवर सारखंच असतं, एका आकड्यावर 35 पट, म्हणून नवख्याला फरक जाणवत नाही. 15 डॉलरची बोली, तासाला 35 फेऱ्या धरा: 525 डॉलर फिरले. एका शून्यावर सरासरी 14 डॉलर गेले, दोन शून्यांवर 27 च्या वर. डॉलर हिशेबापुरता 60 रुपयांचा धरला तर साडेआठशे आणि साडेसोळाशे. स्वयंचलित चाकाच्या टर्मिनलवर मिनिमम, म्हणजे किमान बोली, कमी दिसतं, पण तिथे फेऱ्या भराभर होतात. शेवटी हिशेब तेवढाच, किंवा त्याहून वाईट.

ब्लॅकजॅकच्या कापडावर काय छापलंय ते वाचा. 3 ला 2 लिहिलं असेल तर 20 डॉलरवर ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहाच्या किमतीचं पान) लागल्यास 30 मिळतात, 6 ला 5 लिहिलं असेल तर 24. कमी मिनिममची टेबलं बहुधा दुसऱ्या प्रकारची असतात आणि गर्दीही तिथेच असते. ऑस्ट्रेलियातलं पॉन्टून हा याचाच भाऊ, त्यात प्रत्येक कॅटमधून चारही दश्श्या काढलेल्या असतात. राजा, राणी, गुलाम तसेच राहतात. नियम सैल वाटतात, बक्षिसं जास्त वाटतात. त्याची किंमत त्या गायब दश्श्यांत वसूल झालेली असते. डोक्याला ताप नको असेल तर बॅकरा: बँकर आणि प्लेअर या दोन हातांपैकी कोणता जिंकेल यावर लावायचं, बरोबरी म्हणजे टाय. बँकरवर लावलं तर घराचा वाटा 1.06 टक्के, प्लेअरवर 1.24, आणि टायवर 8 पट देत असतील तर 14 टक्क्यांच्या वर. टायला हातच लावू नका. शुक्रवार-शनिवार रात्री सगळ्याच टेबलांचं मिनिमम चढतं, म्हणून बघायला का होईना जायचं तर मंगळवार-बुधवारची दुपार बरी.

मुक्कामासाठी एकच निवडायचा तर पर्थ. क्राऊन पर्थ बर्सवुडला स्वान नदीकाठी आहे. कॅसिनो 1985 पासूनचा, पण क्राऊन टॉवर्स हे हॉटेल डिसेंबर 2016 मधलं, त्यामुळे खोल्या नव्या, पोहण्याचे तलाव ऐसपैस आणि मेलबर्नच्या मानाने गर्दी कमी. ऑप्टस स्टेडियम पायी जाण्याच्या अंतरावर. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात, म्हणजे पर्थच्या राज्यात, पोकी मशीन पबमध्ये नाहीत, मशीनवरचा खेळ या एका इमारतीपुरताच आहे, आणि तिथेही चाकं गरगरणारी नेहमीची मशीन चालत नाहीत. त्याचा परिणाम असा की शहरातले पब निव्वळ पब राहिलेत. संकुलात नोबू, रॉकपूल, सिल्क्स ही मेलबर्नचीच नावं आहेत. तेव्हा दोन्ही शहरं करणाऱ्याने त्याच नावांवर दोनदा पैसे घालवू नयेत.

ॲडलेडचं स्कायसिटी नॉर्थ टेरेसवर जुन्या रेल्वे स्टेशनच्या इमारतीत आहे, आणि गाड्या अजूनही त्याच इमारतीखालून सुटतात. जोडून इऑस नावाचं 120 खोल्यांचं हॉटेल 2020 मध्ये झालं. ॲडलेड ओव्हल हे क्रिकेटचं मैदान पादचारी पुलापलीकडे. कसोटी बघायला जाणाऱ्या मंडळींना याहून सोयीची जागा नाही, मात्र खोल्या थोड्या असल्याने सामन्याच्या आठवड्यात भाव पिसाळतात. मेलबर्नला तेच बॉक्सिंग डे कसोटीला, जानेवारीत टेनिसला आणि नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कपला होतं.

ब्रिस्बेनबद्दल इंटरनेटवर अजून ट्रेझरी कॅसिनोची वर्णनं सापडतात. तो 2024 च्या ऑगस्टमध्ये बंद झाला आणि त्याच महिन्यात क्वीन्स वॉर्फला नवा द स्टार सुरू झाला. तिथली खरी मजा वर आहे. नदीपासून सुमारे 100 मीटर उंचीवरचा स्काय डेक, फुकट, काही भागात पायाखाली काच. नेव्हिल बॉनर पुलावरून चालत साउथ बँकला जाता येतं. जुगारात रस नसलेल्या कुटुंबाने संध्याकाळ काढायला देशातल्या कॅसिनोंत ही जागा पहिली. गोल्ड कोस्टचा स्टार ब्रॉडबीचला ट्रामच्या वाटेवर, शेजारी पॅसिफिक फेअर मॉल. थीम पार्कवाल्या सहलीत खोली म्हणून ठीक.

बाकीचे पटकन. होबार्टचा रेस्ट पॉइंट हा देशातला पहिला कायदेशीर कॅसिनो, 1973 चा. खोल्यांत ते वय दिसतं, पण मनोऱ्यावरचं फिरतं रेस्टॉरंट आणि खालची डरवेंट नदी पैसे फेडते. केर्न्सच्या रीफ हॉटेलच्या छतावर काचेच्या घुमटाखाली प्राणिसंग्रहालय आहे, मुलं खूश. डार्विनचा मिंडिल बीचलगतचा रिसॉर्ट कोरड्या हंगामात घ्या, तेव्हा शेजारी गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळचा बाजार भरतो. कॅनबेराचा प्रवास केवळ कॅसिनोसाठी करू नये.

जेवणाचं सांगायचं तर आपल्या सवयीचा सगळ्यात मोठा अडथळा घड्याळाचा आहे. साडेनऊ-दहाला बऱ्याच स्वयंपाकघरांच्या शेवटच्या ऑर्डरी होतात. दहा वाजता आरामात जेवायला निघणाऱ्याच्या नशिबी फूड कोर्टचं बर्गर. रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीला बिलावर दहा-पंधरा टक्के अधिभार लागतो, कार्डाचा वेगळा. टेबल बुक करताना कार्ड नंबर घेतात आणि न गेल्यास माणशी दंड कापतात. लॅम्ब म्हणजे आपलं बोकडाचं मटण नव्हे, ते कोकराचं, चरबी जास्त आणि आतून गुलाबी ठेवलेलं. पूर्ण शिजलेलं हवं असेल तर ऑर्डर देतानाच वेल डन सांगा. तांबड्या-पांढऱ्याची सवय असलेल्याला सिल्क्समधलं चिनी जेवण जवळचं वाटेल, स्टेकहाउस नाही. शाकाहारी मंडळींनी बुकिंगमध्येच लिहावं, आणि माशाचा सॉस व चिकन स्टॉक चालत नाही हेही स्पष्ट लिहावं, नाहीतर भाज्यांच्या पदार्थात तो हमखास असतो. सिडनीत चार दिवसांनी पोळी-भाजीची आठवण आली तर ट्रेनने हॅरिस पार्क गाठा.

शेवटी पैसे. चेक-इनला हॉटेल अनामत म्हणून दर रात्रीमागे काही रक्कम कार्डावर अडकवून ठेवतं. फोरेक्स कार्ड दिलं तर ती रक्कम सुटायला पुढे कित्येक दिवस जातात आणि तेवढे दिवस खर्चाला पैसे कमी पडतात. त्यासाठी क्रेडिट कार्ड द्या, फोरेक्स खर्चाला ठेवा. लॉटरी, स्वीपस्टेकसारख्या गोष्टींसाठी भारतातून पैसे पाठवायला फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, नियमांत मनाई आहे, आणि कॅसिनोत आपल्या बँकेचं कार्ड नाकारलं जाणं नेहमीचं, म्हणून कॅसिनोच्या खात्यात घरून पैसे मागवायच्या भानगडीत पडू नका. नोटांच्या रूपात परकीय चलन नेण्याची मर्यादा एका प्रवासाला 3000 अमेरिकी डॉलर. ऑस्ट्रेलियात येताना किंवा तिथून निघताना 10,000 ऑस्ट्रेलियन डॉलर किंवा जास्त रोख असेल तर जाहीर करणं बंधनकारक. हौशी खेळाडूच्या जिंकण्यावर तिकडे कर नाही, पण भारताचा रहिवासी असाल तर इथे तो 30 टक्क्यांनी लागतो, वर उपकर. आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. सोमवारी 2000 हरलात, मंगळवारी 2000 जिंकलात, तर खिशात शून्य आणि कर 2000 वर. निघताना चिप्स त्याच कॅसिनोच्या कॅश काउंटरवर मोडून घ्या. मेलबर्नचे चिप्स सिडनीच्या स्टारमध्ये चालत नाहीत.