ब्रिटिश संसदेचे याचिका संकेतस्थळ: सह्या मोजायला चोख, फेरसार्वमत मिळवायला अपुरे

सीमाभागात निवेदन हा प्रकार कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मजकूर, खाली नावे आणि सह्या, मधे काही अंगठे, शेवटी कचेरीचा पोचशिक्का. ब्रिटनच्या संसदेने २०१५ साली हेच काम ऑनलाइन आणले. २०१६ च्या ब्रेक्झिट कौलानंतर, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघात राहावे की बाहेर पडावे यावरच्या सार्वमतानंतर, ‘पुन्हा मतदान घ्या’ या मागणीचा सगळ्यात मोठा भार याच संकेतस्थळावर पडला. लोकेच्छा मोजायची तर कशी, हा प्रश्न बेळगाव, खानापूर, निपाणीला १९५६ पासून सुटलेला नाही. त्यामुळे ही सेवा आपण बारकाईने पाहावी अशी आहे.

वापरायला ती सोपी आहे. मागणी ८० अक्षरांत बसवायची, खाली थोडे स्पष्टीकरण द्यायचे आणि पाच समर्थक मिळवायचे. त्यानंतर कर्मचारी मजकूर तपासतात. त्याच मागणीची याचिका आधीच चालू असेल किंवा विषय सरकार-संसदेच्या अखत्यारीतला नसेल तर ती नाकारतात. नाकारल्याचे कारणही बहुतेक वेळा जाहीर करतात, आणि हे फार चांगले आहे. आपल्याकडे निवेदन कुठल्या टेबलावर अडले हे कळायलाच चार खेपा होतात. सही करताना नाव, ईमेल आणि पोस्टकोड द्यायचा, आपण ब्रिटिश नागरिक किंवा तिथले रहिवासी आहोत या चौकटीवर खूण करायची. ईमेलवर आलेला दुवा दाबल्याशिवाय सही धरली जात नाही. नवखे लोक चुकतात ते इथेच. पान भरले की काम झाले असे वाटते, दुवा स्पॅममध्ये पडून राहतो आणि सही गळते.

बेळगावचा मुलगा तिकडे शिकायला राहत असेल तर तो सही करू शकतो, नागरिकत्व भारताचे असले तरी. त्याचे आईवडील टिळकवाडीत बसून करू शकत नाहीत. ब्रिटिश नागरिक मात्र जगात कुठूनही करू शकतो, फक्त देश निवडायचा. सही करणाऱ्यांची नावे जाहीर होत नाहीत, याचिका मांडणाऱ्याचे तेवढे दिसते. ज्या गावात सही केल्याची बातमी संध्याकाळपर्यंत पंचायतीत पोचते, तिथल्या माणसाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

१०,००० सह्या झाल्या की सरकार लेखी उत्तर देते. १,००,००० झाल्या की चर्चेसाठी विचार होतो. मुदत सहा महिन्यांची. चर्चा बहुधा सोमवारी दुपारी साडेचारला वेस्टमिन्स्टर हॉल या बाजूच्या सभागृहात होते. तिथे सरकारला बांधून घेणारे मतदान होत नाही. ही मर्यादा संकेतस्थळ लपवत नाही, पण सह्यांचा आकडा दर मिनिटाला वर चढताना पाहणारा माणूस ती विसरतो.

२०१६ ची याचिका म्हणूनच मुळातून तपासावी. २३ जून २०१६ च्या मतदानात बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के, राहण्याच्या बाजूने ४८.१ टक्के मते पडली. फरक १२,६९,५०१ मतांचा, मतदान ७२.२ टक्के. याचिकेची मागणी अशी होती: विजयी बाजूला ६० टक्क्यांहून कमी मते असतील आणि मतदान ७५ टक्क्यांहून कमी झाले असेल, तर पुन्हा सार्वमत घ्यावे. ती मांडली गेली मतदानाच्या सुमारे महिनाभर आधी, आणि मांडणारा बाहेर पडण्याच्या बाजूचा होता. आपली बाजू थोडक्यात हरेल असे त्याला वाटले होते. निकाल उलटा लागला आणि त्याच मजकुरावर राहण्याच्या बाजूचे लोक तुटून पडले. एकूण सह्या ४१ लाखांच्या वर गेल्या, संकेतस्थळ मधेच बंद पडले. प्रसिद्ध झालेला मजकूर बदलता येत नाही, त्यामुळे मांडणाऱ्याच्या हातात काही उरले नाही.

बनावट सह्याही झाल्या. जेमतेम हजारभर वस्तीच्या व्हॅटिकन सिटीच्या नावावर ३९,००० हून जास्त सह्या पडल्या होत्या. कारण साधे आहे: परदेशातला पत्ता निवडला की पोस्टकोडची अडचण येत नाही, आणि यंत्राने बनवलेले ईमेल दुवाही दाबू शकतात. संसदेच्या याचिका समितीने सुमारे ७७,००० सह्या काढून टाकल्या. लाखांच्या राशीत हा भाग लहान आहे आणि तो उघडपणे काढला गेला, म्हणून या मुद्द्यावर सेवेला कमी गुण द्यायला मन होत नाही.

मोठी खोट मागणीतच होती. २०१५ च्या सार्वमत कायद्यात किमान मतांची अट नव्हती. निकाल लागल्यावर अट घालणे म्हणजे सामना संपल्यावर गोलपोस्ट रुंद करणे. ब्रिटनमध्येच १९७९ साली स्कॉटलंडच्या विधिमंडळासाठी कौल झाला तेव्हा ४० टक्क्यांची अट आधीच कायद्यात होती: नुसते बहुमत नको, एकूण मतदारांपैकी ४० टक्के ‘हो’ म्हणाले पाहिजेत. ५१.६ टक्के ‘हो’ मिळूनही एकूण मतदारांच्या तुलनेत तो आकडा ३२.९ टक्क्यांवरच थांबला आणि योजना बारगळली. लोक चिडले, पण नियम आधीचा होता. तीच मोजपट्टी २०१६ ला लावली तर बाहेर पडण्याची बाजू ३७ टक्क्यांच्या आसपास येते. हा हिशोब अभ्यासाला चांगला, निकाल फिरवायला नाही.

फेरमतदान मुळातच वाईट असे मात्र म्हणता येणार नाही. डेन्मार्कने १९९२ मध्ये युरोपीय संघ उभा करणारा मास्ट्रिख्त करार ५०.७ टक्क्यांनी नाकारला आणि १९९३ मध्ये ५६.७ टक्क्यांनी स्वीकारला. मधे चलन, संरक्षण अशा बाबतींत सवलती लेखी मिळाल्या होत्या. आयर्लंडने युरोपीय संघाच्याच लिस्बन कराराबाबत २००८ आणि २००९ मध्ये असेच केले. दुसऱ्यांदा विचारताना कागदावर काहीतरी नवीन होते. ब्रिटनमध्येही पुढे ‘(बाहेर पडण्याच्या) झालेल्या करारावर लोकांची मंजुरी घ्या’ ही मागणी आली ती याच कारणाने जास्त सशक्त होती. १ एप्रिल २०१९ ला ती हाउस ऑफ कॉमन्समध्ये २८० विरुद्ध २९२ अशी पडली, अवघ्या १२ मतांनी. त्याच दिवशी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये ६० लाखांवर सह्यांच्या, ब्रेक्झिट रद्द करण्याच्या याचिकेवर चर्चा चालू होती. ज्या सभागृहात निर्णय होणार होता तिथे मोजली गेली ती खासदारांची मते.

मागणी मान्य झाली असती तरी मतदान लगेच झाले नसते. कायदा, निवडणूक आयोगाकडून प्रश्नाच्या शब्दांची चाचणी, दहा आठवड्यांचा प्रचारकाळ हे सगळे धरून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संविधान अभ्यासगटाने किमान २२ आठवडे सांगितले होते. याचिकेच्या पानावर या वेळापत्रकाचा मागमूस नाही. तो असायला हवा होता.

सेवेचा सर्वांत मोलाचा भाग शेवटी येतो: प्रत्येक याचिकेच्या सह्या मतदारसंघनिहाय नकाशावर दिसतात आणि आकडेवारी फुकट उतरवून घेता येते. सीमाप्रश्नात खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा ही चार सूत्रे आपण मांडतो, त्यातले पहिले का महत्त्वाचे हे इथे डोळ्यांनी दिसते. २०१६ ला सगळा देश एक घटक धरला म्हणून ‘बाहेर’ जिंकले. स्कॉटलंड वेगळा मोजला तर तिथे ६२ टक्के ‘राहा’ होते. गोव्यात १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलासाठी संसदेने वेगळा कायदा केला, घटक आणि प्रश्न आधी ठरवला. महाराष्ट्रात विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरले आणि तो निकाल टिकला. आपल्याकडे लोकसभेत याचिका द्यायची तर सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते, मजकूर मराठीत असेल तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. गावनिहाय नकाशा तर कुठेच मिळत नाही. तो आपल्या सह्यांच्या मोहिमेत आपणच ठेवावा: प्रत्येक तावावर गाव, तालुका आणि तारीख, एका तावावर एकच गाव.

तिकडे राहणाऱ्यांसाठी एक सूचना. संसद विसर्जित झाली की चालू याचिका सहा महिने पुरे होण्याआधीच बंद होतात आणि सह्या पुढच्या संसदेत चालत नाहीत. २०१७, २०१९ आणि २०२४ मध्ये असेच झाले. निवडणुकीची चाहूल असेल तर नवी संसद बसून याचिका समिती नेमली जाईपर्यंत थांबावे.