ड्रीमकास्ट मॉडच्या नावाखाली ११,५०० रुपयांना चुना

जुने गेम कन्सोल मॉड करून, म्हणजे आतले पार्ट बदलून, देतो म्हणणाऱ्या कोणाकडे मशीन पाठवणार असाल तर आधी हे वाचा.

आतेभावाने लंडनहून आणलेला सेगा ड्रीमकास्ट, टीव्हीला जोडायचा जुना गेम कन्सोल. त्यावर मी एकच गेम खेळतो, २००० सालचा व्हर्च्युआ टेनिस. आताच्या टीव्हीवर पिवळ्या वायरने तो धुरकट दिसतो, म्हणून एचडीएमआय आणि डिस्क ड्राइव्हच्या जागी एसडी कार्ड, असं काम एका मॉडवाल्याशी ठरलं. अ‍ॅडव्हान्स ६,५००. मग ‘दादा, पार्ट कस्टम्समध्ये अडकलाय’ म्हणून ३,२००. मग परतीचं कुरिअर आणि इन्शुरन्स, १,८००. हा प्रकार तुम्हाला नवा नाही.

मधेच त्याने ‘तुमचं मशीन उघडलं’ म्हणून फोटो पाठवला. ड्रीमकास्टच्या खालच्या स्टिकरवर गोलात एक आकडा असतो, आतलं मुख्य बोर्ड कुठल्या आवृत्तीचं ते सांगणारा. माझ्यावर १ आहे. फोटोत ० होता. ठसठशीत! आणि ड्राइव्हच्या जागी बसणारं ते एसडी कार्डचं बोर्ड १ वाल्यावरच चालतं, हे मला तोंडपाठ. पण ऑफिसच्या गडबडीत मोबाइलवर आलेल्या फोटोत स्टिकर कोण झूम करून बघतं? सेगाने २००१ मध्येच उत्पादन बंद केलं, सर्व्हिस सेंटर नाही, विश्वास टाकावाच लागतो. चार जणांनी त्याची तारीफही केली होती. ते चार जण कोण, हे आता कळतंय.

परत आलेलं मशीन उघडलं. खऱ्या मॉडमध्ये व्हिडिओ चिपच्या बारीक पायांवर रिबन सोल्डर करून डिजिटल सिग्नल थेट उचलतात. इथे मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतो तसला एचडीएमआय कन्व्हर्टर ग्लू गनने चिकटवलेला, मागच्या सॉकेटवरून ओढलेल्या तीन वायरी. चित्र तसंच धुरकट, वर लॅग, म्हणजे चित्र उशिरा. गेममध्ये सर्व्हिसचा मीटर पूर्ण जोरावर, ‘मॅक्स’वर, थांबवायला बटण दाबावं तर मॅक्स निसटलेला. आणि माझा चालू ड्राइव्ह गायब. काढलेला पार्ट परत मागून घ्याच, तो विकला जातो.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘गेम? या वयात?’ मग ‘वस्तू मिळाली ना परत?’ मग ‘पैसे तुम्ही स्वतःहून पाठवले, हे सायबरमध्ये बसत नाही.’ सायबरवाले म्हणाले, माणूस जिथला तिथल्या ठाण्यात जा. तिथे फोनवर उत्तर, तुमच्या हद्दीत द्या. बँकेने तर ‘व्यवहार यशस्वी’ असं लिहून तक्रारच बंद केली. यशस्वी! साहेब, चोरासाठी यशस्वीच होता की.

हद्दीचं कारण सांगितलं तर झिरो एफआयआर (हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायचा गुन्हा) मागा, लेखी नकार मागा. ग्राहक आयोगात राहत्या जिल्ह्यातूनच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही. मी तीच टाकतोय. पैसे गेल्याचं लगेच लक्षात आलं तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उशीर नको. मशीन पाठवण्याआधी सीरियल नंबरचा फोटो. काम चालू असताना व्हिडिओ कॉल, फोटो नाही. कस्टम्सची पावती दाखवल्याशिवाय एक रुपया नाही.

आणि नुसतं चित्र स्वच्छ हवं असेल तर व्हीजीए बॉक्स घ्या, म्हणजे मागच्या सॉकेटला लावून मॉनिटरची व्हीजीए केबल जोडायचा डबा. व्हर्च्युआ टेनिस त्यावर ४८०पी मध्ये चालतो, मशीन उघडावंच लागत नाही.