एकट्याने की चौघांत? पुण्यात गोल्फची फेरी ठरवताना

ड्रायव्हिंग रेंजवर काही महिने बादल्याच्या बादल्या चेंडू मारून झाले आणि कोचने "आता कोर्सवर जा" म्हटलं, की पुण्यातल्या नव्या गोल्फरला पहिली अडचण येते ती जोडीदाराची. घरात, सोसायटीत, बॅडमिंटनच्या ग्रुपमध्ये कुणीच गोल्फ खेळत नाही. ऑफिसात जे खेळतात ते दोन पायऱ्या वरचे, आणि त्यांची शनिवारची चौकडी वर्षानुवर्षं ठरलेली. मग बुधवारी दुपारी एकट्यानेच जावं, की ओळख काढून कुणाच्या तरी फोरबॉलमध्ये, म्हणजे चौघांच्या गटात, शिरावं?

माझा कल आधीच सांगून टाकतो. सराव एकट्याने करावा, फेरी चौघांत खेळावी. सुरुवातीच्या काही फेऱ्या याला अपवाद आहेत, त्यांच्याकडे लगेच येतो.

आधी प्रवेशाचं बघा

येरवड्याचं पूना क्लबचं कोर्स सभासदांचं आहे. एनडीएचं (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं) आणि लष्कराची इतर कोर्सेस यांच्या दारातून बाहेरच्या माणसाला सहज आत जाता येत नाही. लवळ्याच्या टेकड्यांवर ऑक्सफर्डचं कोर्स आहे, पण तिथेही सभासद, पाहुणे, आठवड्याचा वार यांचे नियम आधी फोन करून विचारलेले बरे. थोडक्यात, सभासद नसाल तर बहुधा कुणीतरी तुम्हाला पाहुणा म्हणून नेणार आणि नेणारा बरोबर खेळणारच. म्हणजे अर्ध्या वाचकांचा निर्णय इथेच झाला. बाकीच्यांसाठी पुढचं.

एकट्याच्या फेरीत कॅडी असतोच

परदेशी व्हिडिओंमध्ये माणूस पाठीवर बॅग टाकून धुक्यातून एकटाच चालत जाताना दिसतो. आपल्याकडे बहुतेक कोर्सवर कॅडी (बॅग उचलणारा आणि सल्ला देणारा मदतनीस) घेऊनच खेळायची रीत आहे, त्यामुळे एकट्याची फेरीही प्रत्यक्षात दोघांची होते. नवख्यासाठी हे वरदान. कॅडीने तो ग्रीन (भोकाभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) सगळ्या ऋतूंत पाहिलेला असतो. चेंडू डावीकडे वळेलसा दिसतो पण उजवीकडे जातो, हे त्याला पाठ असतं. दुपारी गर्दी नसताना तो घाई करत नाही. बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) निघाला नाहीत तर "साहेब, अजून एक मारून बघा" म्हणतो. चौघांत हे शक्य नाही. तिथे पहिल्या टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागी) चार खेळाडू आणि बहुधा चार कॅडी असतात, म्हणजे तुमचा पहिला ड्राइव्ह सात जण बघत असतात. तो टॉप होऊन, म्हणजे चेंडूच्या वरच्या भागाला लागून, वीस पावलांवर थांबला, की कुणी काही बोलत नाही, आणि तेच जास्त लागतं.

म्हणून सुरुवातीच्या फेऱ्या कॅडीबरोबर एकट्याने, मधल्या वारी, शक्यतो पूर्ण अठराऐवजी नऊच होल. कोर्सवर कुठे उभं राहायचं, बॅग कुठे ठेवायची, बंकर कसा सारखा करायचा, ग्रीनवर चेंडूने पडलेला खड्डा कसा भरायचा, कुणाच्या पटच्या (ग्रीनवरून चेंडू भोकाकडे ढकलायच्या फटक्याच्या) रेषेवर पाय द्यायचा नाही, हे त्याच्याकडून शिकून घ्या. एक सावधगिरी: कॅडीचा "मस्त गेला साहेब" हा शेरा मनावर घेऊ नका. बक्षिशी त्याला तुमच्याकडूनच मिळायची असते.

हँडिकॅप: इथे एकटा हरतो

हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या पातळीनुसार त्याला मिळणारी फटक्यांची सवलत. अनेकांना वाटतं, एकट्याने खेळून आधी स्कोअर सुधारू, मग चौघांत जाऊ. व्यवहारात अडचण अशी की तो स्कोअर कुठे धरलाच जात नाही. २०२० पासून लागू झालेल्या वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिममध्ये फेरीची नोंद ग्राह्य धरायला बरोबर निदान एक माणूस लागतो. त्याने स्वतः खेळलंच पाहिजे असं नाही. मग कॅडीची सही चालेल का? हे तुमच्या क्लबच्या हँडिकॅप समितीला विचारा. दोन क्लबांत दोन उत्तरं मिळू शकतात.

पहिला हँडिकॅप मिळायला एकूण ५४ होलचे स्कोअर द्यावे लागतात, मग ते अठराच्या तीन फेऱ्यांत असोत किंवा नऊच्या सहा. हँडिकॅपची कमाल मर्यादाही ५४, म्हणजे अगदी नवखाही त्यात बसतो. पुढे शेवटच्या वीस नोंदींतल्या सर्वांत चांगल्या आठांची सरासरी निघते. आणि हा आकडा नुसता मिरवायचा नसतो. त्याच्यामुळेच सहा हँडिकॅपचे निवृत्त कर्नल आणि अठ्ठावीसचे तुम्ही एकाच सामन्यात खेळू शकता. बॅडमिंटनमध्ये इतकी तफावत असली तर दुसऱ्या गेमला दोघंही कंटाळतील.

साक्षीदार का लागतो, हे एकट्याने खेळून पाहिलं की कळतं. दोन फुटांचा पट "हा गेलाच असता" म्हणून उचलला जातो. झाडीत गेलेला चेंडू "तिथेच कुठेतरी" सापडतो. पहिल्या टीवरचा खराब फटका मोजायचा नाही, असं आपणच ठरवतो. यात लबाडीचा हेतू नसतो, समोर कुणी नसलं की मन ढिलं पडतं इतकंच. गोल्फमध्ये पंच मागे मागे फिरत नाही, प्रत्येकाने आपले फटके आपणच मोजायचे असतात, आणि या खेळाची शान त्यातच आहे. पण ती सवय लोकांसमोर खेळूनच अंगी लागते. मास्टर्ससारख्या स्पर्धेतही विषम संख्येमुळे एखादा खेळाडू एकटा पडला, तर त्याच्याबरोबर मार्कर (स्कोअर नोंदवणारा) म्हणून कुणाला तरी खेळायला पाठवायची पद्धत चालत आली आहे.

गिमीचंही (न मारताच गेला असं धरून सोडलेल्या पटचंही) तसंच. प्रतिस्पर्ध्याने पट सोडणं फक्त मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकायच्या सामन्यात) नियमाला धरून आहे. स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) चेंडू भोकात पडेपर्यंत खेळायचं. एकट्याने खेळताना गिमी द्यायला समोर कुणी नसतंच, त्यामुळे आपणच आपल्याला उदार हस्ते देत सुटतो.

वेळ आणि रांग

मोकळ्या कोर्सवर एकटा माणूस चौघांपेक्षा तासाभराने तरी लवकर मोकळा होतो. चौघांची फेरी चार तास धरा, रविवारी त्याहून जास्त. पण एकट्याचा हा फायदा गर्दीच्या दिवशी उरत नाही. शनिवारी सकाळी एकट्याने निघालात, तर प्रत्येक टीवर पुढच्या फोरबॉलची पाठ बघत उभं राहायचं. शिवाय स्टार्टर (गटांना क्रमाने खेळायला सोडणारा माणूस) बहुधा तुम्हाला एकटं सोडतच नाही. दोघा-तिघांच्या गटात घुसवतो.

"एकट्याला कोर्सवर हक्क नसतो" असं जुने सभासद अजून सांगतात. शिष्टाचाराच्या जुन्या पानांत ते खरंच होतं. २००४ पासून मात्र अग्रक्रम गटाच्या वेगावर ठरतो आणि एकटा खेळाडूही गटच मानला जातो, क्लबने वेगळं ठरवलं नसेल तर. म्हणजे पुढच्या गटापुढे होल मोकळा असेल, तर त्यांनी तुम्हाला पुढे जाऊ द्यावं. पुढे जाताना दोन चेंडू मारत बसू नका.

प्रवासाचाही हिशेब आहे. कोथरूडहून येरवड्याला संध्याकाळी जाऊन यायला जितका वेळ लागतो, तितक्यात नऊ होल होतात. चौघांची वेळ जुळवायची, त्यात एक जण चांदणी चौकात अडकलेला, दुसऱ्याच्या मुलाची परीक्षा. फोरबॉल मोडायला एक फोन पुरतो. कामाच्या वेळा अनिश्चित असतील तर एकट्याची फेरी हाच उपाय, आणि त्यात वाईट काही नाही.

सरावाला एकटेपणाच बरा

मागे कुणी नसेल तेव्हा एक जुना सराव करून बघा. प्रत्येक वेळी दोन चेंडू मारायचे आणि त्यातला वाईट पडलेला पुढे खेळायचा. चांगला एखादाच फटका बसतो की भरवसा ठेवावा असा फटका हातात आहे, हे सहा होलमध्ये उघडं पडतं. नव्या क्लबने (काठीने) चेंडू खरोखर किती लांब जातो ते मोजणं, घाबरवणाऱ्या होलवर ड्रायव्हरऐवजी (सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबऐवजी) लोखंडी क्लबने टी ऑफ करून बघणं, उतारावरून चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) मारणं, यातलं काहीच दुसऱ्यांचा वेळ घेऊन करता येत नाही. लवळ्याच्या चढउतारांवर तर सपाट जागी शिकलेला स्विंग पुन्हा शिकावा लागतो.

चौघांतल्या फेरीत याच्या नेमकं उलटं मिळतं: तीन फुटांचा पट, आणि त्यावर नाश्त्याचं बिल. ते दडपण एकट्याला कितीही प्रयत्न केला तरी तयार करता येत नाही.

पैसे आणि जीव

पैशांत फार फरक नाही. ग्रीन फी माणशी असते, कॅडी ज्याचा त्याचा. वाटून घेता येते ती फक्त कार्ट. चेंडू मात्र चौघांत कमी हरवतात. २०१९ पासून शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात, तेव्हा आठ डोळे कामाला येतात.

सुरक्षिततेत चौघांचं पारडं जड. मे महिन्यात दुपारी एकट्याने अठरा होल चालू नये. वळिवाच्या दिवसांत गडगडाट ऐकू आला की क्लब हातात धरून झाडाखाली थांबायचं नाही, सरळ क्लबहाउस गाठायचं. पावसाळ्यात रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) घोणस असू शकते. चेंडूसाठी गवतात हात घालण्याआधी कॅडीला काठीने बघू द्या. साठी उलटली असेल किंवा हृदयाचा त्रास असेल, तर एकट्याने लांबच्या होलवर जाण्याचा विचारच सोडा.

अनोळखी चौकडीत शिरताना

नवख्यासाठी स्टेबलफोर्ड पद्धत सर्वांत सोयीची. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांच्या या गुणपद्धतीची पहिली स्पर्धा इंग्लंडमध्ये वॉलसी क्लबवर १९३२ मध्ये झाली. हँडिकॅपची सवलत धरून पारला (होलसाठी ठरलेल्या फटक्यांना) दोन गुण, एक जास्त लागला तर एक, दोन जास्त लागले की शून्य. शून्य झाला की चेंडू उचला आणि चालू लागा. कुणाचा खोळंबा होत नाही, आणि एका होलवर दहा लागले म्हणून सगळी सकाळ वाया जात नाही.

पैज लागली तर रक्कम आधी विचारा. नको असेल तर पहिल्या टीवरच "सर, आज मी पैजेत नाही" म्हणा, सातव्या होलवर नाही. कुणी विचारल्याशिवाय कुणाच्या स्विंगवर बोलू नका. तुमच्या स्विंगवर लोक बोलतील, ते ऐकून घ्या आणि कोचला विचारा.

पहिली चौकडी शोधायला कॅडी मास्टर किंवा स्टार्टरसारखा माणूस नाही. कोणत्या गटातला चौथा वरचेवर गळतो, हे त्याला ठाऊक असतं. त्याच्याकडे नंबर देऊन ठेवा, मधल्या वाराला तयारी दाखवा, वेळेआधी पंधरा मिनिटं पोहोचा. आणि टीवर गेल्यावर एवढंच सांगा: "हँडिकॅप अजून व्हायचाय, पण मी थांबवणार नाही, वेळेत चेंडू उचलतो." हे ऐकल्यावर बहुतेक चौकड्या जागा करून देतात.